कूलरपुढची जागा

आमच्या सुनेला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. आम्ही तिला पाहायला नाचणगावला गेलो, तेव्हा तिच्या मावशीने तिला चष्मा काढून बाहेर पाठवलं होतं. हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे. ती दारातच थांबली आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मावशी, चष्मा दे वं. कोण कुठं बसून आहे, मले काहीच दिसून नाई राह्यलं. पाणी सांडन पाहुण्यांच्या अंगावर."

मावशीचा चेहरा पडला. आमचे हे मात्र मोठ्यानं हसले. परतताना म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाई. आपल्याले अशीच पाहिजे." मला त्यांनी विचारलं नाही, पण मलाही तेच वाटलं होतं. माझ्या तोंडून चार लोकांत शब्द निघत नाही. ती घरात आली आणि माझ्या वाटचंही बोलू लागली. भाजीवाल्याशी घासाघीस तीच करायची, शेजारणीला उत्तर तीच द्यायची.

पिपरी मेघेत आमचं तीन खोल्यांचं घर आहे. यांचं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं छोटं दुकान आहे. मुलगा बुटीबोरीला कंपनीत आहे, त्याची ड्यूटी रात्रपाळीची, कधी कधी तिकडेच राहतो. सून घरी ब्लाउज शिवते. तिचा हात चांगला आहे, लग्नसराईत बायका दारात बसून राहतात. पण उन्हाळ्यात मान खाली घातली की घामानं चष्मा नाकावरून घसरायचा आणि धपकन मशीनवर पडायचा. एकदा तर सुईखाली येऊन काच तडकली. तेव्हापासून तिनं डोक्यात घेतलं, लेसरनं नंबर काढायचा.

हे कुरकुरले. "चांगला डोळा कापून घ्यायले चालली," म्हणाले. पण ज्या दिवशी नागपूरला जायचं होतं त्या दिवशी दुकान बंद ठेवून तेच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. मुलगा आणि ते दोघं गेले तिच्यासोबत. मी घरी देवापुढे बसले होते.

परत आली ती काळा चष्मा लावून, मुलाचा हात धरून. थंडी सरत आली होती. औषधाच्या बाटल्या होत्या, सगळ्यांवर इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि तिला तर तेव्हा वाचायची मनाईच होती. मग तिनं मुलाकडून एकेक समजून घेऊन मला सांगितलं आणि मी बाटल्यांच्या गळ्याला तिच्याच डब्यातला दोरा बांधला. लाल दोऱ्याची बाटली जंतूंची, ती थोडेच दिवस. हिरव्या दोऱ्याची सूज उतरायची. पांढऱ्या दोऱ्याची म्हणजे नुसतं डोळ्याचं पाणी. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या ऑपरेशननंतर डोळा कित्येक महिने कोरडा राहतो, तेव्हा पांढऱ्या दोऱ्याची बाटली सोडायची नाही.

त्या दिवसांत मी फोडणीत मिरची घातली नाही. धूर तिच्या डोळ्याला लागेल म्हणून. आमच्या यांना झणझणीत लागतं. ते ताटाकडे पाहून म्हणायचे, "हे वरण आहे का दवाखान्यातलं पाणी?" पण वाटी संपवायचे.

मग तिची नजर स्वच्छ झाली. एका सकाळी ती न्हाणीतून ओल्या केसांनी धावत बाहेर आली. "आई, पाल!"

"कुठं?"

"न्हाणीत. वर कोपऱ्यात. ही नेहमीचीच आहे का?"

मी म्हटलं, "हो, ती तर कधीची आहे."

"माय वं! अन् मी इतके दिवस तिच्यासमोर आंघोळ करून राह्यली होती!"

आंघोळीला तर चष्मा काढूनच जायची ना ती. आम्ही दोघी न्हाणीच्या दारात हसून हसून बसलो. यांनी बाहेरून विचारलं, काय झालं म्हणून, तर तिला सासऱ्यासमोर सांगता येईना.

चैत्र लागला आणि ऊन तापलं. आमच्याकडचं ऊन सकाळी नवापासूनच भिंतीला टेकू देत नाही. यांनी माळ्यावरून कूलर उतरवला. हे काम ते कुणाला करू देत नाहीत. जुनी खस, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, काढायच्या, टाकी घासायची, नवी खस पाण्यात भिजवून वास घेऊन बसवायची. कूलर बैठकीच्या खिडकीत बसतो आणि त्याच्या पुढची जागा यांची. लग्न होऊन मी आले तेव्हा कूलर नव्हता, पण आला तेव्हापासून ती जागा त्यांचीच. दुपारी दुकानातून येऊन तिथे पाठ टेकली की त्यांचा राग, थकवा सगळा जातो. पाहुणा आला तरी ते म्हणतात, "इकडून बसा, इकडूनही हवा येते."

यंदा कूलर लावून झाला आणि ते म्हणाले, "पोरीचा डोळा नाजूक आहे. तिले कूलरपुढे झोपू दे. मी अंगणात खाट टाकतो."

सून सासऱ्यासमोर अंग टाकत नाही. ही आमच्याकडची रीत आहे, अजूनही. ती आतल्या खोलीत पंख्याखाली झोपली असती, कुणी काही म्हटलं नसतं. म्हणून त्यांनी स्वतःच बैठक सोडली. मी आणि ती बैठकीत, ते अंगणात मच्छरदाणीत. तिनं पुष्कळ नाही नाही म्हटलं. "बाबा, तुमाले बाहेर झोप नाई येणार."

"मी गच्चीवर झोपून मोठा झालो बेटा. तू झोप निवांत."

तिची गादी त्यांनी स्वतः ओढून नेमकी कूलरसमोर केली. झडपा हातानं सरळ केल्या. हवा तोंडावर येते की नाही ते आपला हात धरून पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, मी चूल म्हणजे आपला गॅस पेटवत होते तर बैठकीतून ती ओरडली. मी धावत गेले. ती उजव्या डोळ्यावर हात धरून उठून बसली होती. बोटांमधून पाणी वाहत होतं. "आई, कोणी ओरबाडल्यासारखं झालं. डोळा उघडला अन् टर्रकन काही फाटलं."

मला वाटलं, कूलरमधून खसेचा कचरा उडून गेला असेल. पाणी मारलं. दुपारपर्यंत लाली उतरली आणि ती मशीनवर बसली. आम्ही विसरलो. पण काही दिवसांनी पुन्हा तसंच. मग पुन्हा. दर वेळी सकाळी, डोळा उघडताच. आणि दिवसभर वाळू गेल्यासारखं. शेजारची म्हणाली, गुलाबपाणी घाल. तिच्या आईनं फोनवर सांगितलं, गाईचं तूप काजळासारखं लाव. आम्ही काही घातलं नाही, पांढऱ्या दोऱ्याचं तेवढं चालू ठेवलं. तेही ती शिवायच्या नादात विसरायची.

यांचं मत वेगळंच. "गर्मी आहे ती," ते म्हणाले. "डोळ्यात गर्मी उतरली. आमच्या आईचेही डोळे असेच यायचे उन्हाळ्यात. थंडावा पाहिजे." आणि त्यांनी तिची गादी आणखी पुढे सरकवली, खस दाट केली. दुखलं की थंडावा, आणखी दुखलं की आणखी थंडावा. ते इतक्या मायेनं करायचे की मला ते बघत राहावंसं वाटायचं.

मग एका सकाळी डोळा उघडलाच नाही. पापणी सुजली, उजेडाकडे तोंड करता येईना. मुलगा ड्यूटीवर, हे माल आणायला नागपूरला गेलेले. मी तिला ऑटोत घालून वर्ध्याच्या एका डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखान्यात माझी जीभ उचलत नाही. नाव सांगायलाही मला घाम येतो. त्या दिवशी तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, म्हणून मीच खिडकीशी जाऊन बोलले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यात पिवळं औषध घातलं आणि निळा उजेड पाडला. मग मला बोलावून पडद्यावर दाखवलं. बुबुळाच्या खालच्या बाजूला हिरवं चमकणारं खरचटणं होतं, वाकडंतिकडं.

"हे पाहा आई," त्या म्हणाल्या, "लेसरनंतर डोळा कोरडा असतो. रात्री तो आणखी सुकतो आणि पापणी बुबुळाला चिकटते. सकाळी झटकन डोळा उघडला की पापणीबरोबर वरचा पापुद्रा निघतो. भाकरीचा निघतो तसा. ती जागा भरत येते तोच पुन्हा निघतो."

मग त्यांनी विचारलं, "झोपता कुठे?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो. तिचा तर एकच डोळा उघडा. ती हळूच म्हणाली, "कूलरपुढे."

"किती पुढे?"

तिनं हात लांब करून दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "तोंडावर हवा?"

"हो."

"बंद करा ते. आजपासून. कूलर नको असं नाही म्हणत, या उन्हात कोण राहील? पण हवा डोळ्यावर नको." रात्री घालायचं मलम दिलं, जंतूंचं औषध दिलं. सकाळी उठल्यावर डोळे न उघडता कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतला थेंब सोडायचा, तो आत झिरपू द्यायचा, मग हळूहळू उघडायचे. चोळायचं तर मुळीच नाही. आणि जाताना म्हणाल्या, "हलक्यात घेऊ नका. उघड्या जागेत जंतू गेले तर बुबुळावर पांढरं पडतं. मग नजर परत येत नाही."

पांढरं पडलेला डोळा मी पाहिला आहे, माझ्या माहेरी हिंगणीला एका म्हाताऱ्याचा होता.

ऑटोत ती माझा पदर धरून म्हणाली, "आई, बाबाले नका सांगू."

"काऊन?"

"त्यांनी किती मनानं जागा दिली. स्वतः बाहेर मच्छरात झोपून राह्यले. त्यांच्यानंच माझा डोळा फाटला, हे ऐकून त्यांचं काय होईन? मी तोंडावर ओढणी घेईन ना. त्यांना कळणार नाई."

तिचं म्हणणं मला समजत होतं. यांना वाईट वाटलं की ते जेवत नाहीत, नुसते दुकानात जाऊन भांडी पुसत बसतात.

तर आमचं चोरून काम सुरू झालं. ती ओढणी घेऊन झोपायची आणि झोपेत ती ओढणी पायाशी जायची. उशी पायथ्याशी घेतली, तर यांनी सकाळी पाहिलं आणि विचारलं, "उलटी काऊन झोपली? दक्षिणेकडे पाय नको करत जाऊ." मी कूलरच्या झडपा भिंतीकडे वळवून ठेवायची, हे दुपारी येऊन पाहायचे. "हवा तिकडे कशी गेली? झडप ढिली झाली वाटते." आणि पेचकस आणून घट्ट करून द्यायचे, तिच्या उशीकडे तोंड करून. मी पोळ्या लाटता लाटता सगळं पाहायची आणि गप्प राहायची. मलमानं थोडा फरक पडला होता, म्हणून वाटायचं, निभेल.

निभलं नाही. एका पहाटे तिनं झोपेतच कूस बदलली, डोळा उघडला आणि या वेळी ती ओरडलीही नाही. मी जागी झाले तर ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून, आणि हुंदक्यांनी हलत होती. मी तिचे हात बाजूला करायला गेले तर म्हणाली, "आई, आता काहीच दिसून नाई राह्यलं या डोळ्यानं. सगळं पांढरं पांढरं."

पांढरं. तो एक शब्द ऐकला आणि मला हिंगणीचा तो म्हातारा दिसला. नंतर कळलं की पाण्यानं आणि मलमानं तसं दिसत होतं. पण त्या वेळी मला काय माहीत?

हे आवाज ऐकून दारात आले. सून आत आहे म्हणून उंबऱ्यावरच थांबले. "पुन्हा झालं का? लय गर्मी आहे यंदा. मी आजच दुकानातला छोटा कूलर घरी आणतो. दोन्हीकडून हवा लागली की..."

"कूलरनंच होऊन राह्यलं," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. लग्नापासून मी त्यांचं बोलणं असं मधेच कधी तोडलं नव्हतं.

"काय म्हटलं?"

मग मी सगळं सांगितलं. कोरडा डोळा, चिकटलेली पापणी, निघालेला पापुद्रा, पडद्यावरचं हिरवं खरचटणं, पांढरं पडण्याची भीती. इतकं एका दमात मी आयुष्यात बोलले नसेन. ते ऐकत उभे होते. कूलर मागे घरघरत होता.

"अन् तुमाले हे कधीचं माहीत आहे?"

सूनच बोलली, तोंड झाकूनच. "बाबा, मीच आईले नाई म्हटलं होतं. तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाईट?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "अन् डोळा गेला असता तं मले चांगलं वाटलं असतं का, बेटा? तू बोलणारी पोरगी. पहिल्या दिवशी भर पाहुण्यांत बोलली होती. अन् घरच्या माणसाजवळ बोलता नाई आलं?"

ती रडता रडता म्हणाली, "पाहुणे परके होते नं."

ते उंबरा ओलांडून आत आले, सरळ कूलरपाशी गेले आणि बटण बंद केलं. मग पंखा बंद केला. मग आतल्या खोलीचाही पंखा बंद केला. घर एकदम चूप झालं आणि थोड्या वेळानं आम्ही तिघंही घामानं निथळू लागलो.

"अहो," मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हवा नको म्हटलं. आम्हाले शिजवा नाई म्हटलं."

ती हसली. एका हातानं डोळा धरून, दुसऱ्या हातानं घाम पुसत. हसू आलं की डोळा दुखायचा, म्हणून "आई, नका नं" म्हणत हसली.

दवाखाना उघडायच्या आधीच हे तिला घेऊन दारात जाऊन बसले. मीही होते, पण सगळं त्यांनीच विचारलं, खोदून खोदून. डॉक्टरीणबाईंनी या वेळी डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवून दिली, आतली जागा भरेपर्यंत पापणीचं घासणं लागू नये म्हणून. जंतू आत शिरले नव्हते. नजर होती. ते ऐकून हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि उगाच तिथला मोठ्या-छोट्या अक्षरांचा तक्ता वाचू लागले.

घरी येऊन त्यांनी कूलर खिडकीतून काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. आता हवा आधी माझ्या पाठीला लागते, मग वळून बैठकीत पायाशी जाते. इतक्या वर्षांत पोळ्या लाटताना मला गार वारा कधी लागला नव्हता. मी त्यांना म्हटलं नाही, पण मला ते फार बरं वाटतं. तिची गादी त्यांनी आतल्या भिंतीला लावली. स्वतः मात्र अजून अंगणातच झोपतात. म्हणतात, सवय झाली. मच्छरदाणीत रात्री चापट्या ऐकू येतात.

पुढे डॉक्टरीणबाईंनी लेन्स काढली. मलम चालू राहिलं, आणि फोडणीतली मिरची पुन्हा बंद झाली. सुईवर डोळा ठेवून ती पापणी मिटायचंच विसरते, म्हणून मी मशीनजवळून जाताना हळूच म्हणते, "मीट." ती मिटते. गिऱ्हाईक बायकांना वाटतं, सासू काहीतरी मंत्र घालते.

आणि सकाळचं काम माझं. जाग आली तरी ती डोळे उघडत नाही. तशीच पडल्या पडल्या हाक मारते, "आई." मी हात धुऊन जाते, उशाशी बसते आणि तिच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब सोडते. तो कोपऱ्यात साचतो, मग पापणीच्या कडेनं आत उतरतो. आम्ही थांबतो. कधी ती स्वप्न सांगते, कधी भाजी काय करायची ते ठरतं. तिच्या चेहऱ्याकडे मी इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. ती डोळे उघडून असली की मला लाज वाटते. मग मी म्हणते, "हं, आता हळू." ती आधी डावा उघडते, मग उजवा. उजवा उघडताना माझा हात धरते.

बाहेर खाटेवर हे जागेच असतात. आत येत नाहीत. नुसतं खोकतात आणि विचारतात, "उघडला काय?"

पहिले काही दिवस ती हात घट्ट दाबायची, थोडं पाणी यायचं, थोडी चुणचुण असायची. मी बाहेर सांगायची, "उघडला, पण दुखला." ते "हं" म्हणायचे आणि बराच वेळ खाटेवरून उठायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, आतली जागा घट्ट व्हायला महिने लागतात, घाई करू नका.

परवा मी थेंब घातला. ती तिच्या माहेरच्या कोणाच्या तरी लग्नाचं सांगत होती, ब्लाउजच्या गळ्याचं, आणि बोलता बोलताच तिचे दोन्ही डोळे उघडले. हात धरायचं ती विसरली. मीही "हळू" म्हणायचं विसरले. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग पापण्या दोनदा मिटून पाहिल्या.

बाहेरून खोकला आला. "उघडला काय?"

"उघडला, बाबा!" तीच ओरडली. "काहीच नाई झालं! कळलंच नाई!"

बाहेर खाट करकरली आणि चपला घासल्याचा आवाज आला.

"मंग चहा ठेवा नं," ते म्हणाले. "अन् आज भाजीत मिरची घाल वं, पोटभर."